किण्वित पेयांचे स्थानांतरण

किण्वित पेयांचे स्थानांतरण : आंबवलेले पेय ज्या पात्रात आंबले त्या पात्रातून साठवणीच्या, वाटपाच्या किंवा पुढील प्रक्रियेच्या पात्रात नेण्याची क्रिया. घरगुती बिअर किण्वनपात्रातून केग नावाच्या पोलादी पिंपात भरणे, द्राक्षमद्य पिंपातून बाटल्यांत उतरविणे, मोहफुलांचा किंवा काजूबोंडांचा आंबलेला रस भट्टीवरील भांड्यात घेणे ही या क्रियेची परिचित उदाहरणे होत. वरवर पाहता हे केवळ ओतण्याचे काम वाटते. परंतु त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आलेले असतात. भरलेले पात्र उचलणे माणसाच्या शरीराला अपायकारक असते, तर ते हलविल्याने तळचा गाळ ढवळला जाणे व द्रवात हवा मिसळणे हे पेयाला अपायकारक असते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी एकच आहे. भरलेले पात्र जागचे न हलविता त्यातील द्रव तेवढा वाहता करावयाचा, हे ते उत्तर होय. त्यामुळे कष्ट वाचविणारी पद्धत व पेय टिकविणारी पद्धत या प्रत्यक्षात दोन राहत नाहीत.

भार : पाण्याच्या एका लिटरचे वस्तुमान सु. १ किग्रॅ. असते. पूर्ण आंबलेल्या सामान्य बिअरचे विशिष्ट गुरुत्व १·०१ च्या आसपास असल्यामुळे २० लि. बिअर साधारणपणे २० किग्रॅ. भरते. ती ज्यात आंबवितात तो काचेचा मोठा बुधला रिकामा असतानाच ६ ते ७ किग्रॅ. असतो. म्हणजे घरगुती प्रमाणावरील एका घाण्याचा भारही २६-२७ किग्रॅ. होतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, भार शरीराजवळ, कमरेच्या सुमारास व चांगल्या पकडीत असताना म्हणजे आदर्श परिस्थितीतही, २३ किग्रॅ. ही शिफारस केलेली कमाल मर्यादा धरलेली आहे. जमिनीवरून उचलताना, शरीर वळविताना किंवा हात लांब करून भार धरताना ही मर्यादा बरीच खाली येते. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कामगाराला इजा होईल इतके ओझे त्याच्याकडून उचलून घेण्यास मनाई करण्यात आली होती.

द्रवाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पात्र काठोकाठ भरलेले नसेल, तर द्रव हिंदकळतो व भाराचा गुरुत्वमध्य सतत सरकत राहतो. ओली काच हातातून निसटते. कमरेचे दुखणे, बुधला फुटून होणाऱ्या जखमा व वाया गेलेले पेय हे तिन्ही परिणाम एकाच चुकीच्या हालचालीतून संभवतात. लाकडी पिंपाचा मध्यभाग फुगीर ठेवण्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे. असे पिंप आडवे केले की जमिनीला थोड्याच जागी टेकते, आणि एकटा माणूस ते न उचलता लोटत व हवे तसे वळवीत नेऊ शकतो.

पारंपरिक पद्धती : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या उत्तरेकडील अक्कलकुवा, अक्राणी व तळोदे या तालुक्यांतून सातपुड्याच्या रांगा पसरलेल्या असून भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांची तेथे वस्ती आहे. या भागात मोहाच्या झाडाला अन्न, तेल, औषध व मद्य या सर्व दृष्टींनी महत्त्व आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळपर्यंत गळतात. ती वेचून उन्हात वाळवितात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. फुले पाण्यात भिजत ठेवली असता त्यांवरील नैसर्गिक यीस्टमुळे काही दिवसांत किण्वन होते. अशा आंबलेल्या मिश्रणाला मराठीत सामान्यतः ‘सडवा’ म्हणतात. सडव्याचे ऊर्ध्वपातन करून मोहाची दारू मिळते.

मध्य व पश्चिम भारतातील आदिवासी भागांत रूढ असलेल्या साध्या भट्टीत चुलीवर एक मोठे मडके असते. त्याच्या तोंडावर दुसरे भांडे उपडे घालून सांधा चिखलमातीने लिंपतात व तेथून पोकळ बांबूची नळी काढून ती पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडतात. वाफ नळीतून जाते व गार भांड्यात तिचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. स्थानांतरणाच्या दृष्टीने या मांडणीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे एका भांड्यातून दुसऱ्यात जाते ती वाफ, आणि तिला वर चढविण्याचे काम माणूस न करता विस्तव करतो. मात्र त्याची किंमत सरपणात व पाण्यात द्यावी लागते. अल्कोहॉल व पाणी यांच्या वाफेपासून एक लिटर द्रव मिळविताना जी उष्णता बाहेर पडते ती शोषून घेण्यास, पाणी २०° से. ने तापू दिले तरी, १५ ते २५ लि. गार पाणी लागते. एवढे पाणी चढावरील पाड्यापर्यंत डोक्यावरून वाहून नेणे परवडणारे नसते. म्हणून पाणी भट्टीकडे न नेता भट्टीच ओढ्याकाठी मांडतात. कोरडी फुले पाण्यापेक्षा वाहून नेण्यास पुष्कळ सोपी असतात. ती ओढ्याकाठी नेऊन तेथेच भिजविली म्हणजे जड वस्तू जागेवर राहते व हलकी वस्तू तिच्याकडे जाते.

भिल्ल समाजात पाणी व मद्य नेण्यासाठी वाळविलेल्या भोपळ्याचा तुंबा वापरला जात आला आहे. मातीच्या भांड्याच्या मानाने तो अतिशय हलका असल्याने उचलावे लागणारे वजन जवळजवळ केवळ द्रवाचेच राहते. ताडीच्या बाबतीत, रस ज्या मडक्यात ठिबकतो त्याच मडक्यात झाडावर किण्वन सुरू होते. म्हणून किण्वनासाठी वेगळे पात्र लागत नाही व भरलेले मडके वर चढवावे न लागता फक्त खाली उतरवावे लागते. गोव्यात काजूबोंडे तुडविण्यासाठी पूर्वापार खडकात कोरलेली उथळ कुंडे वापरात होती. कुंडातून निघालेला रस उताराने वाहत खालच्या भांड्यात पडे. राहिलेल्या चोथ्यावर वजन ठेवून ठिबकू दिलेल्या रसाला ‘नीरो’ म्हणतात. रस आंबवून केलेल्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून ‘हुर्राक’ व पुढील ऊर्ध्वपातनातून ‘फेणी’ मिळते. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. या सर्व पद्धतींत उताराचा, उष्णतेचा किंवा जागेच्या निवडीचा उपयोग करून उचलण्याचे श्रम टाळलेले दिसतात.

वक्रनलिका : उंचावरील पात्राच्या काठावरून द्रव खालच्या पात्रात आपोआप वाहू देणाऱ्या वाकड्या नळीस वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात. प्राचीन ईजिप्तमधील चित्रांत मोठ्या रांजणांतून द्रव काढण्यासाठी अशा नळ्यांचा उपयोग दाखविलेला आढळतो. इ. स. पहिल्या शतकात ॲलेक्झांड्रिया येथील हीरो यांनी वायूंच्या दाबावर चालणाऱ्या उपकरणांसंबंधीच्या आपल्या ग्रंथात वक्रनलिकांचे विवेचन केले. वातावरणाला दाब असतो ही गोष्ट एव्हांजेलिस्ता टॉरिचेल्ली यांच्या १६४३-४४ मधील पाऱ्याच्या प्रयोगाने स्पष्ट झाली व त्यानंतर वक्रनलिकेचे कार्य नीट समजू लागले.

वक्रनलिकेची आखूड भुजा वरच्या पात्रातील द्रवात बुडलेली असते व लांब भुजा खाली लोंबते. नळी एकदा द्रवाने पूर्ण भरली की लांब भुजेतील द्रवस्तंभ आखूड भुजेतील स्तंभापेक्षा जड असल्याने खाली घसरू लागतो. त्यामुळे नळीच्या माथ्याशी दाब कमी होतो आणि वरच्या पात्रातील पृष्ठभागावरचा हवेचा दाब द्रवाला नळीत ढकलीत राहतो. प्रवाहाची गती नळीच्या एकूण लांबीवरून ठरत नाही. वरच्या पात्रातील द्रवाचा पृष्ठभाग व नळीचे खालचे तोंड (ते द्रवात बुडलेले असल्यास खालच्या द्रवाचा पृष्ठभाग) यांच्या उंचीतील फरक ही तिची प्रेरक शक्ती होय. दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत आले की प्रवाह थांबतो. घर्षण नसते तर ही गती उंचीतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात राहिली असती. म्हणून फरक दुप्पट केल्यास प्रवाह दुप्पट न होता सु. १·४ पट होतो. उंची वाढविण्यापेक्षा जरा रुंद नळी घेणे अधिक फलदायी ठरते. ८ मिमी. आतील व्यासाची, २ मी. लांबीची नळी व अर्धा मीटर उंचीचा फरक असल्यास २० लि. द्रव ५ ते १० मिनिटांत खाली उतरतो. म्हणजे एका टेबलाएवढी उंचीही या कामाला पुरेशी असते.

नळीचा माथा वरच्या द्रवपृष्ठापासून किती उंच असावा याला मर्यादा आहे. समुद्रसपाटीवर पाण्याच्या बाबतीत ती सु. १० मी. असते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे सु. १,१५० मी. उंचीवरील ठिकाण घेतले, तर तेथे हवेचा दाब कमी असल्याने ही मर्यादा सु. ९ मी. भरते. घरगुती कामात माथा एक मीटरही उंच नसल्यामुळे ही मर्यादा आड येत नाही. परंतु बिअरमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असतो. माथ्याशी दाब कमी झाला की तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, बुडबुडे माथ्याशी साठतात व स्तंभ तुटून प्रवाह थांबतो. म्हणून नळीचा माथा शक्य तितका खाली ठेवतात व द्रव गार करून घेतात. कारण गार द्रवात वायू अधिक विरघळलेला राहतो.

साका व हवा : किण्वन संपत आले की यीस्टच्या पेशी व प्रथिनांचे कण तळाशी बसतात. या गाळाला साका व त्यावरील स्वच्छ द्रवाला निवळी म्हणतात. १° ते ४° से. तापमानास एक-दोन दिवस ठेवल्यास साका घट्ट बसतो. स्थानांतरणाचा उद्देश निवळी काढून घेऊन साका मागे ठेवणे हा असतो. आयत्या वेळी बुधला जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला, तर साका ढवळला जातो व निवळण्यासाठी पुन्हा थांबावे लागते. उचलण्याने पाठीला त्रास होतो तसाच पेयालाही होतो, तो असा.

दुसरा प्रश्न हवेचा आहे. किण्वन चालू असताना द्रवातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड पात्रातील मोकळ्या जागेतून हवा बाहेर लोटतो. यीस्ट कार्यरत असते तोवर द्रवातील ऑक्सिजनही वापरला जातो. किण्वन संपल्यावर मात्र बिअरमध्ये शिरलेला ऑक्सिजन तिच्यातच राहतो व ऑक्सिडीभवन सुरू होते. रंग गडद होतो, हॉप या वनस्पतीमुळे आलेला सुवास मावळतो आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. या वासाशी ट्रान्स-२-नोनेनाल या संयुगाचा संबंध जोडण्यात आला आहे. शिवाय अल्कोहॉलाचे ॲसिटिक अम्ल करणाऱ्या जंतूंना ऑक्सिजन आवश्यक असल्याने हवा शिरल्यास पेय आंबट होण्याची भीती वाढते. पात्र उचलून उंचावरून धार ओतण्याने हवा सर्वांत जास्त मिसळते. तळापर्यंत पोहोचणारी नळी सोडून खालून वर भरत नेल्यास ती सर्वांत कमी मिसळते.

स्थानांतरणाच्या पद्धती : (१) साधी वक्रनलिका : किण्वनपात्र उंचावर व रिकामे पिंप खाली ठेवतात. नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घेऊन तिचे एक टोक द्रवात साक्याच्या थोडे वर ठेवतात व दुसरे खाली सोडतात. नळीतील पाणी आधी वेगळ्या भांड्यात जाऊ देतात आणि पेय येऊ लागताच टोक पिंपाच्या तळाशी नेतात. तोंडाने ओढून प्रवाह सुरू करू नये, कारण तोंडातील जंतू पेयात जातात. त्याऐवजी रबरी फुगा किंवा लहान दट्ट्या जोडलेली नळी वापरता येते.

(२) तळालगतची तोटी : किण्वनपात्राला साक्याच्या पातळीच्या वर तोटी बसविली असल्यास नळी भरून घेण्याची गरज राहत नाही. तोटी उघडताच प्रवाह सुरू होतो. मात्र तोटीच्या खाचांत घाण साठून जंतू वाढतात. म्हणून प्रत्येक वेळी ती सुटी करून धुवावी लागते.

(३) बंद फेरा : केगला दोन जोडण्या असतात. एक जोडणी तळापर्यंत जाणाऱ्या लांब नळीला व दुसरी झाकणाजवळच्या आखूड नळीला जोडलेली असते. घरगुती वापरात सु. १९ लि. मापाचे केग प्रचलित असून ते मुळात शीतपेयांच्या पाकासाठी बनविलेले होते. असा केग प्रथम निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरतात व ते द्रावण कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबाने बाहेर काढतात. त्यामुळे आत हवा उरत नाही. यासाठी वातावरणीय दाबाचा सु. ३५ ते ४० ग्रॅ. वायू पुरतो. नंतर उंचावरील किण्वनपात्राची तोटी केगच्या लांब नळीला व केगची वायूची जोडणी किण्वनपात्राच्या वरच्या तोंडाला जोडतात. बिअर खाली येऊ लागली की केगमधील वायू विस्थापित होऊन वरच्या पात्रात रिकाम्या होणाऱ्या जागेत जातो. द्रव खाली व वायू वर असा फेरा पूर्ण होतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. प्रवाह सुरू झाल्यावर यात कोणतीही बाह्य शक्ती लागत नाही.

(४) वायुदाब : किण्वनपात्र जमिनीवरच ठेवणे भाग असेल, तर त्यात कार्बन डाय-ऑक्साइड थोड्या दाबाने सोडून द्रव वर ढकलता येतो. ०·१ बार एवढा अल्प जादा दाब द्रवाला सु. १ मी. उंच चढवितो. हा दाब किरकोळ वाटला तरी काचेचे बुधले व पातळ प्लॅस्टिकची भांडी त्यासाठी बनविलेली नसतात. काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. दाबासाठी बनविलेली व सुरक्षाझडप असलेली पोलादी पात्रेच या पद्धतीत वापरावीत.

(५) पंप : मोठ्या मद्यनिर्मितीगृहांत पंपांनी द्रव नेला जातो. पंपाच्या चोषण बाजूचा सांधा सैल असेल, तर द्रव बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते व हा दोष सहज दिसत नाही. म्हणून सांध्यांची तपासणी महत्त्वाची असते.

कोणत्याही पद्धतीत केग भरत आला हे ओळखण्यासाठी तो वजनकाट्यावर ठेवून भरणे सोयीचे असते. गार बिअर भरताना केगच्या बाहेरील अंगावर दव जमते व त्या दवाची रेघ आतील पातळी दाखविते.

मांडणी : वरील पद्धतींपैकी पहिल्या तीन पद्धतींत किण्वनपात्र उंचावर असावे लागते, आणि नेमके हेच उचलणे टाळावयाचे असते. यावरील उपाय साधा आहे : पात्र रिकामे असतानाच ते उंचावरील जागेवर ठेवावे व तेथेच भरावे. जवाच्या मोडांपासून काढून उकळलेला गोड रस (यवरस) गार झाल्यावर तो लहान भांड्यांनी, एका वेळी दोन-तीन लिटर असा, वरच्या पात्रात ओतता येतो. यीस्टच्या वाढीला आरंभी ऑक्सिजन लागत असल्यामुळे या टप्प्यावर हवा मिसळणे हानिकारक नसून उपकारकच असते. म्हणजे ओतण्याचे काम किण्वनापूर्वी करावे व वाहू देण्याचे काम किण्वनानंतर करावे, हा क्रम श्रम व रसायन या दोन्हींच्या दृष्टीने योग्य ठरतो. जेथे असे करता येत नाही तेथे चाकांची घडवंची, २० लि. च्या एका पात्राऐवजी १० लि. ची दोन पात्रे, किंवा ज्या केगमध्ये किण्वन झाले त्यातूनच पेय वाढणे असे पर्याय आहेत. शेवटच्या पर्यायात साक्यावरील निवळी तरंगत्या नळीने वरून काढून घेतात.

पात्रे व सुरक्षितता : भार कमी करण्यासाठी मातीच्या वा काचेच्या पात्राऐवजी पत्र्याचे डबे व प्लॅस्टिकची पिंपे वापरण्याकडे कल असतो. आंबलेले द्रव अम्लधर्मी असल्याने ते जस्तलेपित पत्र्यातील जस्त व डाखातील शिसे विरघळवितात. रसायने, कीटकनाशके किंवा तेले यांसाठी वापरलेली पिंपे धुऊनही अन्नासाठी सुरक्षित होत नाहीत. अन्नासाठी बनविलेले प्लॅस्टिक, अगंज पोलाद, काच किंवा भाजलेली माती हीच योग्य द्रव्ये होत. कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या सु. दीडपट जड असल्याने तो तळघरात व बंद खोलीत जमिनीलगत साचतो. त्याला वास नसल्यामुळे धोका ध्यानात येत नाही. म्हणून स्थानांतरणाच्या जागी वायुवीजन असले पाहिजे.

वक्रनलिकेसंबंधीची एक सूचना मद्यापेक्षा अधिक व्यापक आहे. ट्रॅक्टर किंवा मोटारीच्या टाकीतून डीझेल काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय ग्रामीण भागात आढळते. डीझेल व रॉकेल यांसारखे पातळ तेल घशात गेल्यास ते सहज श्वासमार्गात उतरते व फुप्फुसांचा तीव्र दाह होतो. अशा वेळी उलटी करविल्याने धोका वाढतो. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. हातपंप किंवा रबरी फुगा वापरून हा अपघात पूर्णपणे टाळता येतो.

कायदा व समाज : घरी बिअर बनविण्यास ग्रेट ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने ठरावीक मर्यादेत तिला करमाफी मिळाली. केगमध्ये बिअर भरण्याच्या घरगुती पद्धती मुख्यतः या देशांत विकसित झाल्या. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) या कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे हा गुन्हा असून घरगुती बिअरही त्यातून सुटलेली नाही. परवानाप्राप्त लघुनिर्मितीगृहांना मात्र राज्यात वाव मिळाला व २००९ मध्ये पुणे येथे असे पहिले निर्मितीगृह सुरू झाले. या गृहांत वर वर्णिलेल्या बंद फेऱ्याच्या व वायुदाबाच्या पद्धती मोठ्या प्रमाणावर योजतात.

मोहाच्या मद्याचा कायद्याशी आलेला संबंध अधिक जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण आले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. घरोघरी होणारी निर्मिती बंद पडून आदिवासींना मक्तेदाराच्या दुकानातून दारू विकत घ्यावी लागू लागली आणि तिच्याबरोबर कर्जबाजारीपणा आला. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेतून पश्चिम खानदेशापर्यंत पोहोचलेल्या देवीच्या चळवळीने, तसेच १९३८ च्या सुमारास तळोदे परिसरात गुलाम महाराज यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ‘आप’ चळवळीने मद्यत्यागाचा आग्रह धरला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. दुसरीकडे, देवाला व पूर्वजांना मद्याची धार वाहण्याचा विधी अनेक कुटुंबांत चालत राहिला. त्यामुळे मोहाचे मद्य हा या समाजात एकाच वेळी श्रद्धेचा, उपजीविकेचा व सुधारणेचा विषय राहिलेला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. मद्यनिर्मितीवरील बंदी मात्र कायम राहिली. नर्मदेपलीकडील मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले आणि नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटामार्फत त्याचे परवानाप्राप्त उत्पादन सुरू झाले. उघडपणे चालणाऱ्या निर्मितीत योग्य धातूची पात्रे, तोट्या व पाण्याची सोय करता येते आणि पेयाची तपासणीही होऊ शकते. लपून चालणाऱ्या भट्टीत मात्र हाती लागेल ते पिंप अंधारात आडवाटेने खांद्यावरून न्यावे लागते. अशा ठिकाणी काम करणाऱ्याच्या शरीराची व पिणाऱ्याच्या आरोग्याची हानी एकाच कारणाने होते.